सरसाम, सुई आणि शाई

उर्दूत मेंदूज्वराला एक जुना शब्द आहे – सरसाम. जुन्या उर्दू कादंबरीत एखाद्या पात्राला सरसाम झाला की वाचणाऱ्याने समजावं, आता दोन-चार पानांत जनाजा उठणार. शब्द मूळचा फारसी. ‘सर’ म्हणजे डोकं. आपल्या मराठीतल्या सरदारात आणि सरपंचातही तोच ‘सर’ बसलेला आहे. ‘साम’ म्हणजे सूज. इब्ने सीना (९८०–१०३७) यांनी ‘अल-कानून’ या ग्रंथात या शब्दाची फोड अशीच दिली आहे. मराठी ‘मेंदूज्वर’ तापावर बोट ठेवतो, फारसी शब्द सुजेवर. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला असल्या गोष्टींत उगाचच आनंद होतो.

पण शब्द नेमका आहे म्हणून आजारही नेमका कळला होता असं नाही. ताप, डोकेदुखी, उजेड सहन न होणं, बरळणं, शेवटी बेशुद्धी, एवढं सगळं एकाच नावाखाली येत होतं. हकिमांनी त्यात गरम आणि थंड असे प्रकार पाडले होते. पण कोणाचा सरसाम क्षयाचा, कोणाचा दुसऱ्या जंतूचा, कोणाचा विषाणूचा, हे सांगायला कवटीच्या आत डोकवावं लागतं आणि त्याची सोय जगात कुठेच नव्हती. इब्ने सीनांच्या आधीचे अबू बक्र अल-राझी यांनी तर लहान मुलांच्या आजारांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती, आणि तिचं लॅटिन भाषांतर युरोपात कित्येक शतकं वाचलं गेलं. तरी तान्हं मूल काही डोकं दुखतंय म्हणून सांगत नाही. ते दूध ओढायचं सोडतं, मलूल पडतं, कधी अंग तापतं तर कधी उलट गार पडतं, मध्येच श्वास थांबतो, आचके येतात, टाळू फुगते. यातलं काहीच फक्त मेंदूज्वराचं नाही.

मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज आणणाऱ्या कारणांपैकी एका कारणावर आजही सगळ्यात उशिरा संशय जातो. ते म्हणजे बुरशी. उर्दूत फफूंद. लोणच्यावर येते, पावसाळ्यात चपलेवर येते, ती तान्ह्या मुलाच्या मेंदूपर्यंत पोचते हे ऐकून बहुतेक आई-बापांचा विश्वास बसत नाही. आज त्या बुरशीचा इतिहास सांगायचा आहे. तो मोठा नाही, जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा आहे. पण त्यात अनाथालयातली मुलं आहेत, टपालाने प्रवास करणारी माती आहे, आणि आपल्या घरांमध्ये अजून शिल्लक असलेली एक भीती आहे. हा लेख मुख्यतः त्या भीतीसाठी लिहितोय.

सुरुवात तोंडापासून करावी लागते. तान्ह्या मुलाच्या जिभेवर, गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे डाग येतात. आपण म्हणतो तोंड आलं. दाद्या-नान्या बोटाला कापड गुंडाळून मधात टाकणखार लावायच्या. (हा उपाय आता करू नये. वर्षाच्या आतल्या मुलाला मध अजिबात देऊ नये असं डॉक्टर सांगतात, आणि टाकणखार पोटात जाणं वाईटच.) हे डाग हिप्पोक्रेटिसच्या काळापासून सगळ्यांना माहीत होते. पण ते कशाचे, याबद्दल दोन हजार वर्षं अंदाजच चालले. कोणी म्हणे आईचं दूध बिघडलं, कोणी म्हणे मुलाच्या पोटातली उष्णता.

१८४० च्या आसपास सूक्ष्मदर्शक चांगले झाले आणि दोन-तीन देशांतल्या लोकांना जवळजवळ एकाच वेळी दिसलं की ते डाग म्हणजे एक वनस्पतीसारखी वाढणारी गोष्ट आहे. जर्मनीत लांगेनबेक, पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी आणि स्टॉकहोममध्ये फ्रेडरिक थिओडोर बर्ग. यातला बर्ग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो मुलांचा डॉक्टर होता. स्टॉकहोमच्या बालकाश्रमात तो काम करायचा. १८४५ मध्ये तो तिथला बालरोगांचा पहिला प्राध्यापक झाला आणि १८४६ मध्ये तान्ह्या मुलांच्या या तोंड येण्यावर त्याने पुस्तक लिहिलं. पुढे हाच माणूस स्वीडनच्या सरकारी सांख्यिकीचा पाया घालणारा म्हणून ओळखला गेला.

त्याने सिद्ध कसं केलं? आजारी मुलाच्या तोंडातला पांढरा थर निरोगी मुलांच्या तोंडात लावून. त्यांनाही डाग आले. शास्त्र म्हणून हा पुरावा पक्का होता. पण ती मुलं बालकाश्रमातली होती. त्यांच्या वतीने नाही म्हणायला तिथे कोणी नव्हतं. औषधशास्त्राच्या इतिहासात ही गोष्ट इतक्यांदा भेटते की वाचताना आपण पुढे सरकतो; मला मात्र दर वेळी अडायला होतं.

या बुरशीला नंतर ‘अल्बिकन्स’ म्हणजे पांढरी होत जाणारी असं नाव पडलं. १९२३ मध्ये क्रिस्टीन बेरखाउट या डच संशोधक बाईंनी आपल्या प्रबंधात तिच्या कुळाला ‘कँडिडा’ म्हटलं. लॅटिनमध्ये कँडिडाही पांढरीच. म्हणजे कँडिडा अल्बिकन्स हे नाव ‘पांढरी पांढरी’ असं झालं. भाषेच्या पेपरात मी याला द्विरुक्तीचा दोष म्हणून अर्धा गुण कापला असता.

तोंडातली बुरशी मेंदूपर्यंत जाऊ शकते हे १८६१ मध्ये झेंकर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने दाखवलं. तेही रोगी मेल्यानंतर, मेंदू उघडून. जिवंत माणसाच्या मेंदूभोवती काय चाललंय ते कळायला आणखी तीस वर्षं गेली.

ते जमलं एका सुईमुळे. १८९० च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिख क्विंके या डॉक्टरासमोर एक पावणेदोन वर्षांचा मुलगा होता. न्यूमोनिया झालेला, बेशुद्ध. मेंदूभोवती पाणी साचून दाब वाढला असावा असं क्विंकेला वाटलं. त्याने मुलाच्या कमरेत, दोन मणक्यांच्या मधून बारीक सुई घातली आणि थोडंसं स्वच्छ पाणी काढलं. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा काढलं. मुलगा बरा झाला. १८९१ मध्ये क्विंकेने ही पद्धत वीसबाडेनच्या वैद्यकीय परिषदेत मांडली. त्याच वर्षी लंडनच्या वॉल्टर एसेक्स विंटर या डॉक्टराचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यानेही क्षयाच्या मेंदूज्वराच्या चार रुग्णांवर असाच प्रयोग केला होता, पण चारही दगावले. क्विंकेचं नाव राहिलं, विंटरचं मागे पडलं.

लक्षात घ्या, दोघांचाही हेतू तपासणीचा नव्हता. डोक्यातला दाब उतरवायचा, एवढाच होता. पण पाणी हातात आल्यावर ते काचेवर ठेवून पाहणं साहजिक होतं. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी किती, साखर किती, जंतू कुठला, हे मोजता यायला लागलं, आणि हजार वर्षं एका ‘सरसाम’ शब्दात कोंबलेले आजार एकेक करून बाहेर निघाले. आज ज्याला आपण ‘पाठीतलं पाणी काढणं’ म्हणतो ती हीच तपासणी. सांगायचा मुद्दा असा की तिचा जगातला पहिला गाजलेला रोगी दुधाचे दात असलेला मुलगा होता आणि तो जिवंत राहिला.

हे मी एवढं सविस्तर का सांगतोय? आमच्या शाळेत मुलांच्या वह्यांबरोबर घरचे कागदही माझ्याकडे येतात. रेशनचे, बँकेचे, दवाखान्याचे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीच्या भावाचा कागद आला. सातव्या महिन्यात जन्मलेला, सव्वा किलोचा, काचेच्या पेटीत ठेवलेला. तिसऱ्या आठवड्यात तो मलूल पडला. दिलेली प्रतिजैविकं लागू पडत नव्हती. डॉक्टरांना पाठीतलं पाणी हवं होतं आणि संमतीपत्रावर बाप सही करत नव्हता, कारण त्याची आई दाराशी उभी राहून म्हणत होती, “पीठ का पानी नक्को निकालने देव. बच्चा लुल्ला हो जाता.” मला बोलावलं होतं ते कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला.

ती म्हातारी अडाणी नव्हती. तिच्या मोहल्ल्यात तिने तीन मुलं पाहिली होती. तिघांचं पाणी काढलं होतं. एक वारलं, एकाचे पाय गेले, एकाला ऐकू येईना. तिने पाहिलेलं खरं होतं. जोडलेला धागा तेवढा चुकीचा. ज्या मुलाचं पाणी काढतात त्याला आधीच मेंदूज्वराचा संशय असतो, आणि पाय घेऊन जातो तो मेंदूज्वर. सुई आत जाते ती जागा मुद्दाम निवडलेली असते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, नवजात बाळाचा थोडा खाली, तिसऱ्याच्या आसपास. सुई त्याच्याही खाली जाते, जिथे रज्जू नसतो. नुसत्या नसांचे दोरे पाण्यात तरंगत असतात आणि ते सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात. धोका शून्य आहे असं म्हणणार नाही. दुखतं, कधी रक्त मिसळतं, बाळ फार अशक्त असेल किंवा डोक्यात दाब फार असेल तर डॉक्टर स्वतःच थांबतात. पण लुळेपण त्या सुईतून येत नाही.

मी हे माझ्या दख्खनीत सांगितलं. दोन मणके दाखवायला दादीचीच तसबीह घेतली, मण्यांमधली फट दाखवली. तिने विचारलं, “पहिला बच्चा कौन था?” मी क्विंकेचा मुलगा सांगितला. “जिया?” जिया, म्हटलं. सही झाली. त्या पाण्यातून चार दिवसांनी जे उगवलं ते कुठलंही नेहमीचं जंतू नव्हतं, कँडिडा होती. तोवर चाललेल्या एकाही इंजेक्शनचा तिच्यावर परिणाम होण्यासारखा नव्हता.

आता प्रश्न असा की तोंडात बसणारी ही साधी बुरशी एवढ्याशा बाळाच्या मेंदूत का शिरते. उत्तर थोडं अवघडल्यासारखं आहे. तिला ही वाट आपणच करून दिली, बाळं वाचवता वाचवता.

१८८० च्या सुमारास पॅरिसच्या प्रसूतिगृहात तार्निए या डॉक्टराने प्राणिसंग्रहालयातली कोंबडीची अंडी उबवणारी पेटी पाहिली आणि तशीच बाळांसाठी करून घेतली. तिथून काचेच्या पेट्या आल्या. १९४० नंतर प्रतिजैविकं आली. नाळेच्या शिरेतून नळ्या घालायला लागले आणि १९६८ मध्ये फिलाडेल्फियात विल्मोर आणि डड्रिक यांनी आतडं नीट न झालेल्या एका बाळाला सगळं अन्न शिरेतून देऊन वाढवलं. हजार ग्रॅमच्या आतली, पूर्वी तासा-दोन तासांत जाणारी बाळं जगू लागली. मात्र अशा बाळाची कातडी कागदासारखी पातळ असते. रोगाशी लढणारं आईकडून मिळणारं बळ गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत येतं, ते त्याला मिळालेलंच नसतं. प्रतिजैविकांनी आतड्यातले जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. नळीच्या आतल्या भिंतीला ती चिकटून बसते. तिथून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात, डोळ्यात, मेंदूत. दिवस भरून जन्मलेल्या, आईच्या कुशीत असलेल्या बाळाच्या तोंडात पांढरे डाग आले तर ते साधं दुखणं आहे, त्यावरून घाबरून जाऊ नये. हा लेख त्या पेटीतल्या बाळांबद्दल आहे.

दुसरी एक बुरशी आहे, तिची गोष्ट वेगळी. क्रिप्टोकॉकस. १८९४ मध्ये इटलीत सानफेलिचे याला ती पीचच्या रसात सापडली आणि त्याच वर्षी जर्मनीत बुसे आणि बुश्के यांना एका बाईच्या पायाच्या हाडात. १९०५ मध्ये फॉन हान्सेमान याने ती मेंदूज्वराचं कारण म्हणून नोंदवली. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या चेस्टर एमन्सने दाखवलं की कबुतरांच्या विष्ठेत ती भरपूर असते. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद आठवत असेल. त्या वादात या बुरशीचंही नाव निघतं. पण तिथेही तोल हवा. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात मुलांचं रक्त तपासलं तेव्हा दोन वर्षांवरच्या बहुतेक मुलांच्या रक्तात या बुरशीशी गाठ पडल्याच्या खुणा होत्या आणि ती मुलं धडधाकट होती. म्हणजे श्वासातून ती बहुतेकांच्या आत जाते आणि बहुतेक जण तिला पचवतात. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती एचआयव्हीने, रक्ताच्या कर्करोगाने किंवा जन्मतःच खचलेली आहे त्याच्या मेंदूत ती घर करते. आपल्या देशात अशा मुलाचा हळूहळू चढणारा मेंदूज्वर पाहून पहिल्यांदा क्षयच आठवतो, आणि तसं आठवणं चूकही नाही, क्षयच जास्त आहे. फक्त पाणी नीट तपासलं नाही तर बुरशीला महिनोन् महिने क्षयाची औषधं मिळत राहतात.

ती ओळखण्याची जुनी पद्धत मला फार आवडते, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. पाठीतल्या पाण्याचा थेंब काचेवर घ्यायचा आणि त्यात काळी शाई मिसळायची. तीच, काजळी आणि गोंदाची, जिने आम्ही खुशखतीचा कित्ता गिरवायचो. इंग्रज तिला इंडिया इंक म्हणतात. शाई मूळची चीनची, नाव मात्र हिंदुस्थानचं. आपला ‘शाई’ हा शब्दही फारसी ‘सियाही’तून, म्हणजे काळेपणातून आलेला. गंमत अशी की ही शाई बुरशीला रंगवत नाही. क्रिप्टोकॉकसच्या अंगाभोवती एक जाड, चिकट कवच असतं, त्यात काजळीचे कण शिरत नाहीत. सगळं मैदान काळं होतं आणि त्यात गोल, उजळ वलयं दिसतात, प्रत्येक वलयात एक पेशी. अंधाऱ्या रात्री चंद्राला खळं पडावं तसं. आता यापेक्षा नेमकी, कागदाच्या पट्टीवरची चाचणी आली आहे आणि शाईतून थोडी बुरशी असेल तर ती निसटतेही. पण ज्या छोट्या दवाखान्यात दुसरं काही नाही तिथे एक दौत आणि एक सूक्ष्मदर्शक पुरतो.

कँडिडाला असं कवच नाही. तिला शाईने पकडता येत नाही. तिच्यासाठी पाणी अन्नद्रव्यावर ठेवून ती उगवायची वाट पाहावी लागते. आणि ती फसवते. अकाली बाळाच्या पाठीच्या पाण्यात कँडिडा असूनही पेशी आणि साखर अगदी नेहमीसारखी असू शकते. अमेरिकेत हजार ग्रॅमच्या आतल्या बाळांचा एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या २७ बाळांच्या पाठीच्या पाण्यात कँडिडा उगवली, त्यांतल्या १३ बाळांच्या रक्तात ती उगवलीच नव्हती. म्हणजे नुसतं रक्त तपासून थांबले असते तर जवळजवळ निम्मी बाळं हातची सुटली असती. दादीला त्या दिवशी हा आकडा सांगायची वेळ आली नाही, पण संमतीपत्राच्या बाजूचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

ओळखल्यानंतर द्यायचं काय? १९५० पर्यंत काहीच नव्हतं. ते चित्र बदललं दोन बायकांनी. एलिझाबेथ हेझन ही मिसिसिपीची, लहानपणीच आई-बाप गेलेली, काका-काकूंनी वाढवलेली. आधी शाळेत शास्त्र शिकवायची, मग सूक्ष्मजीवांकडे वळली. रेचल ब्राउन रसायनशास्त्रज्ञ. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरीला, पण एक न्यूयॉर्क शहरात आणि दुसरी ऑल्बनीत, मध्ये दोन-अडीचशे किलोमीटर. हेझन ठिकठिकाणची माती गोळा करायची, तिच्यातले जिवाणू वाढवायची आणि काचेच्या बरणीत घालून टपालाने ऑल्बनीला पाठवायची. ब्राउन त्यातून अर्क काढायची आणि परत टपालानेच पाठवायची. मग हेझन तो अर्क दोन बुरशींवर लावून पाहायची. कुठल्या दोन? कँडिडा आणि क्रिप्टोकॉकस. आपल्या गोष्टीतल्या याच दोघी.

बहुतेक अर्क बुरशी मारायचे आणि उंदरालाही मारायचे. शेवटी १९४८ मध्ये व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्याजवळची माती कामाला आली. त्या जिवाणूला त्या शेतकऱ्याच्या, नूर्सच्या नावाने ओळखतात. १९५० मध्ये दोघींनी औषध जाहीर केलं आणि आपल्या राज्याच्या नावाची अक्षरं घेऊन ते ‘निस्टॅटिन’ झालं. त्याच्या स्वामित्वधनातून एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम आली. दोघींनी स्वतःसाठी त्यातलं काही न घेता सगळं संशोधनाला दिलं. १९६६ च्या पुरात फ्लॉरेन्समधल्या चित्रांवर चढलेली बुरशीही याच औषधाने उतरवली.

बाळाच्या तोंडातले डाग निस्टॅटिनच्या थेंबांनी आजही जातात. पण ते आतड्यातून रक्तात जात नाही, आणि सुईने देता येत नाही इतकं विषारी. म्हणजे तोंड साफ, मेंदू तसाच. मेंदूसाठी औषध आलं ते आणखी काही वर्षांनी, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून. अँफोटेरिसिन बी. ते शिरेतून देता येतं आणि बुरशी खरोखर मारतं. पण त्याने थंडी वाजून अंग हुडहुडतं, ताप चढतो, मूत्रपिंडं दुखावतात. नवजात बाळं ते मोठ्यांपेक्षा बरं सोसतात असा अनुभव आहे, तरी रोज रक्त तपासून, आठवडे मोजत द्यावं लागतं. पुढे ते औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळून द्यायची युक्ती निघाली, म्हणजे मूत्रपिंडं वाचतात. परदेशी कुपी परवडण्यासारखी नव्हती. भारतीय प्रकार तयार झाला तो दिल्ली विद्यापीठातल्या बिमल कुमार बच्छावत यांच्या कामातून आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाच्या चाचण्यांतून. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीच्या वेळी जिच्यासाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यात धावत होते आणि वर्ध्याच्या कारखान्यात जिचं उत्पादन तातडीने सुरू झालं, ती हीच अँफोटेरिसिनची कुपी. तोवर हे नाव माझ्या स्टाफरूममध्ये कोणी ऐकलेलं नव्हतं.

इंग्लंडच्या केंट परगण्यात केन रिचर्डसन यांच्या गटाने शोधलेलं फ्लुकोनॅझोल १९९० पासून अमेरिकेत मिळू लागलं. ते मेंदूभोवतीच्या पाण्यात सहज उतरतं. २००१ मध्ये व्हर्जिनियात (पुन्हा व्हर्जिनियाच) हजार ग्रॅमपर्यंतच्या शंभर बाळांवर एक चाचणी झाली. पन्नास बाळांना बुरशी होण्याआधीच थोडं थोडं फ्लुकोनॅझोल दिलं, पन्नासांना नुसतं पाणी. पाणीवाल्यांपैकी दहांना आतली बुरशी झाली, औषधवाल्यांपैकी एकालाही नाही. बर्गच्या बालकाश्रमातल्या मुलांपासून इथपर्यंत मला दिसणारा फरक असा, की या वेळी प्रत्येक बाळाच्या आई-बापाला आधी विचारलं गेलं.

पण बुरशीही बसून नव्हती. २००९ मध्ये जपानमध्ये एका सत्तरीच्या बाईच्या कानातून कँडिडाची नवी जात नोंदली गेली, ऑरिस. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. २०१३ मध्ये दिल्लीतल्या रुग्णालयांतून तिच्या नोंदी आल्या. फ्लुकोनॅझोल तिच्यावर बहुधा चालत नाही. पलंगाच्या कठड्यावर, यंत्रांवर ती दिवसेंदिवस टिकते आणि प्रयोगशाळेतली जुनी यंत्रं तिला भलत्याच नावाने ओळखतात. नवजात विभागात शिरताना नर्सबाई मावशीलाही हात धुवायला लावतात, मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा राग मानू नये.

माझ्या विद्यार्थिनीचा तो भाऊ आता पहिलीत आहे. चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा. महिनाभर अँफोटेरिसिन चाललं होतं.

ज्यांच्या घरचं बाळ आज अशा पेटीत आहे, त्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. सुधारणा नसेल तर बुरशीचा विचार झाला आहे का. पाठीतलं पाणी काढलं असेल तर ते बुरशीसाठीही लावलं आहे का. आणि आतली नळी काढता किंवा बदलता येईल का, कारण बुरशी नळीत बसलेली असेल तर नुसत्या औषधाने भागत नाही. उत्तर यायला कधी दोन दिवस लागतात, कधी आठवडा. तोवर डॉक्टरांनी बुरशीचं औषध आधीच सुरू केलं तर रिपोर्टच्या आधी का म्हणून अडवू नये.